ढिगाऱ्याखालची नाडी

३० जुलै २०१४ ची सकाळ आठवते? पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि बहुतेक गाव चिखलाखाली गेले. त्या चिखलातून तीन महिन्यांचे एक तान्हे बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली, ती बाळाचे रडणे शोधणाऱ्यांच्या कानी पडले म्हणून! बातमी वाचून डोळे भरून आलेच, पण मनात आले, ते बाळ दमून झोपी गेले असते तर?

अशा वेळी सगळी भिस्त असते ती हाकेवर, कण्हण्यावर, नाहीतर कुत्र्याच्या नाकावर. बेशुद्ध पडलेला माणूस हाक कशी देणार? पण त्याचे काळीज चालूच असते ना! तेच हेरणारे एक रडार अमेरिकेतल्या नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने तिथल्या गृह सुरक्षा खात्याच्या मदतीने तयार केले. नाव ‘फाइंडर’. हे यंत्र हाताने उचलून नेता येते.

त्यातून अगदी मंद सूक्ष्मलहरी ढिगाऱ्यात सोडतात. विटा-दगडांवरून परत येणारा प्रतिध्वनी जसाच्या तसा राहतो. छाती मात्र श्वासाने वर-खाली होते, ठोक्यागणिक किंचित हलते. तेवढ्या हालचालीनेही प्रतिध्वनी बदलतो. आपण सुपात तांदूळ पाखडून फोलकट उडवतो ना, तसे न हलणारे सगळे काढून टाकून यंत्र तेवढा ताल वेगळा करते. दूरच्या अंतराळयानांचे क्षीण संदेश टिपण्याची विद्या इथे कामी आली.

पण ढिगाऱ्यात उंदीर-मांजरेही असतात. मोठ्या माणसाची नाडी स्वस्थ असताना मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. उंदराचे ठोके ३०० च्या वर! मांजराचेही आपल्या दुप्पट तरी. या फरकावरून माणूस ओळखतात. तुम्ही म्हणाल, तान्ह्या बाळाचे ठोकेही १२० च्या पुढे असतात, मग त्याला मांजर समजले तर? मलाही हीच धास्ती वाटली होती. यंत्र ठोक्यांबरोबर श्वासाचा तालही बघते.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला, तेव्हा अशी दोन यंत्रे तिकडे नेली. सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या चौतारा गावी दोन पडक्या इमारतींखाली चार पुरुष कित्येक दिवस अडकले होते, वर दहा-दहा फूट विटा आणि माती. यंत्राने त्यांचे ठोके टिपले आणि चौघेही जिवंत बाहेर आले.

तसे हे यंत्र ३० फूट ढिगाऱ्याखालचे ठोके टिपू शकते असे सांगतात. मात्र लोखंडी पत्रा आडवा आला की लहरी तिथेच अडतात. जागा कळली तरी उपसायचे माणसांनीच. आणि बरं का, भोवती गर्दी असेल तर त्या गर्दीच्याही छात्या हलतच असतात! घरचे माणूस आत असताना मागे सरायचे म्हणजे जिवावर येते, पण शोधणाऱ्यांनी बाजूला व्हा म्हटले की व्हावे आणि शेजारणीलाही हाताला धरून न्यावे.

आपल्यावरच वेळ आली तर नाकातोंडाला पदर लावावा, काडी मुळीच ओढू नये. ओरडून दम घालवण्यापेक्षा नळावर किंवा भिंतीवर दगडाने ठोकत राहावे. हाक शेवटी, बाहेर कुणाची चाहूल लागली की.