आधी गप्प बसायचं

"काय पायजे? पानी? पानी पायजे ना तुले?" आई एका दमात विचारते आणि पोराच्या हातात ग्लास देऊन मोकळीही होते. यवतमाळच्या त्या लहानशा खोलीतली थेरपिस्ट हसत ग्लास परत टेबलावर ठेवते. "ताई, त्याला मागू तर द्या."

पोरगा चार वर्षांचा, दारव्ह्याकडचा. ऐकू येतं, समजतं. बोलणं मात्र दोन-तीन आवाजांपुरतं. समोर मोबाइलवर 'जेलो' उघडलेलं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेलं हे मोफत अ‍ॅप मराठीत बोलतं. मधे खाणं, खेळ, माणसं यांची चित्रं, कडेला 'हो', 'नाही', 'अजून'. थेरपिस्ट पाण्याचं चित्र दाबते, स्वतः "पाणी" म्हणते, घोट घेते. मग गप्प. आईचे ओठ हलू लागतात, ती पदर तोंडाशी धरते. पोरगा ग्लासाकडे बघतो, आईकडे बघतो, बोट टेकवतो ते बिस्किटावर. चुकलं असं कुणी म्हणत नाही. मागितलं म्हणून बिस्किट पुढे येतं. तो ते ढकलतो आणि पाणी दाबतो.

"यानं हा बोलाचाच राहीन काय?" बापाची शंका रास्त आहे. 2006 मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी जुने अभ्यास तपासले. भक्कम पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे घटलं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

खरी अडचण वेगळीच. मोबाइल घरात एकच, तो बापासोबत वावरात जातो. आणि यूट्यूब एका बोटावर. म्हणून अ‍ॅप स्क्रीनवर पिन करायचं, शिवाय तीच चित्रं छापून लॅमिनेट करून चुलीपाशी टांगायची. कोलामी, गोरमाटी बोलणाऱ्या घरांत तर अ‍ॅपची मराठीही परकी. तिथं आईच्या आवाजात शब्द भरता येणारं साधं बटण बरं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतात. निदान होईलही, पण कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दर आठवड्याला यवतमाळ कोण गाठणार? त्यामुळे माझ्या मते या खोलीत शिकवणी पोराची नसतेच, आईची असते.

"जेवताना अर्धीच भाकर वाढा," थेरपिस्ट सांगते, "चित्र समोर ठेवा अन् मनात दहा मोजा."

"मी मोजीन हो," आई म्हणते, "पन सासूबाई तीनातच भाकर देऊन टाकतात."

"मग पुढच्या खेपेला त्यांनाच घेऊन या."