नोकरी बँकेत, जीव चेटकिणीत!

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आमच्या रूमवर रात्री लाइट गेली. मोबाइलच्या टॉर्चवर एका मैत्रिणीने रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचायला घेतली. गोष्टीत ना रक्त, ना किंकाळ्या. नुसतं एक साधं घर. पण गोष्ट संपल्यावर पाण्याची बाटली भरायला बाहेर जायची आम्हा चौघींपैकी एकीचीही हिंमत होईना!

मग आठवलं, या माणसाने आपल्याला आधीही घाबरवलंय. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण! तीही मतकरींचीच. आपल्या आई-बाबांच्या पिढीसाठी ती दिलीप प्रभावळकरांनी साकारली. २०१८ मध्ये नाटक नव्याने आलं, तेव्हा वैभव मांगले चिंची झाले.

मतकरींचा जन्म १९३८ चा, मुंबईचा. १९५५ मध्ये, म्हणजे आपण बारावीचं टेन्शन घेतो त्या वयात, त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका आकाशवाणीवर झाली. पुढे अर्थशास्त्रात पदवी घेतली आणि १९५८ मध्ये थेट बँक ऑफ इंडियात नोकरी. ती त्यांनी तब्बल वीस वर्षं केली.

पण लिहिणं थांबलं नाही. १९५९ मध्ये सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने त्यांचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. १९६२ मध्ये त्यांनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. सोबत मोठ्यांची नाटकं आणि गूढकथाही सुरूच. १९७८ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. त्यांच्या ‘गहिरे पाणी’ची तर पुढे टीव्ही मालिकाही झाली.

गंमत म्हणजे, भीतीची मात्रा त्यांना बरोबर कळायची. लहान मुलांसमोर चेटकीण आणायची, पण तिची फजितीही करायची. पोरं आधी दचकतात, मग खदखदून हसतात. भीतीवर मात करता येते, हे त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कळतं. आपल्या वयाला मात्र ते असं सोडत नाहीत. गूढकथेत शेवटी वाचवायला कुणी येत नाही. आणि भीती बाहेरून नाही, माणसाच्या मनातूनच येते.

भुताच्या गोष्टी म्हणजे टाइमपास, बालनाट्य म्हणजे सुट्टीतला उद्योग, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मतकरींनी दोन्ही गोष्टी आयुष्यभर मनापासून केल्या. उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. २०१८ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. १७ मे २०२० ला कोरोनाने ते गेले. त्या दिवसांत सगळी नाट्यगृहं बंद होती.

आपल्या नगरमधल्या अभ्यासिकांत बँकेच्या परीक्षांची तयारी करणारे ढिगाने सापडतील. त्यातल्या एखाद्याच्या रफ वहीच्या मागच्या पानावर गोष्टही असेल. ‘आधी नोकरी बघ’ हे घरी रोज ऐकू येतंच. ठीक आहे, बघा नोकरी. पण ते मागचं पान फाडू नका. वीस वर्षं बँकेत काढूनही चिंची चेटकीण म्हातारी झाली नाही!