पहाटे डिझेलची गाडी का कुरकुरते?

जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने पनवेल सोडून पळस्पे फाटा ओलांडला की कोन गाव लागते. रस्त्यावर मालवाहतुकीची सदैव वर्दळ असते. त्यात ज्याला आपण ‘पिकअप’ म्हणतो ती लहान मालवाहू गाडी हमखास दिसते. भाजी, दूध, मासळी, बांधकामाचे सामान, काहीही वाहून नेण्यास ती तयार! परंतु वाशीच्या बाजारात भाजी पहाटे पोचली तरच तिला भाव मिळतो. उशिरा पोचलेल्या मालाचे नुकसान गाडीवाल्यालाही सोसावे लागते.

अशी गाडी डिसेंबर-जानेवारीत पहाटे त्रास देऊ लागते. सेल्फ मारला की इंजिन नुसते फिरते. कसेबसे सुरू झाले तर सारी गाडी थरथरते, मागून पांढरा धूर निघतो आणि डोळे चुरचुरतात. पाच-दहा मिनिटांनी मात्र तेच इंजिन शहाण्या मुलासारखे चालू लागते. गाडीवाला म्हणतो, “थंडी पडली आहे, चालायचेच!”

विद्यार्थी मित्रांनो, हे उत्तर आपल्याला पटते का? कोनला थंडी पडून पडून ती किती पडणार? पहाटे पारा १५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरला तरी आपण स्वेटर शोधतो. नाशिक जिल्ह्यातील निफाडला तो काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षे नेणाऱ्या गाड्या तेथेही सुरू होतात. मग कोनच्या गाडीनेच का अडून बसावे? याचा उलगडा होण्यासाठी आधी डिझेल इंजिनाचा स्वभाव समजून घेऊ.

ठिणगीवाचून आग

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी विजेची ठिणगी पाडतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. सिलिंडरमध्ये फक्त हवा घेतली जाते आणि पिस्टन ती मूळ आकारमानाच्या सुमारे अठराव्या हिश्शात दाबून बसवतो. दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम झालेले तुम्ही अनुभवले असेलच, तोच हा प्रकार. या तापलेल्या हवेत इंजेक्टर डिझेलचा अतिशय बारीक फवारा सोडतो आणि तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने या तत्त्वावरचे यशस्वी इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे चालवून दाखवले.

म्हणजे पेटण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: हवा पुरेशी तापली पाहिजे, इंधन वेळेवर पोचले पाहिजे आणि त्याचा फवारा बारीक झाला पाहिजे. पहाटेच्या कुरकुरीचे मूळ या तिघांपैकीच कोठेतरी असते.

थंडीचा वाटा किती?

आता थोडे गणित करू. हवा १८ पट दाबली आणि उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे मानले, तर तिचे निरपेक्ष तापमान सुमारे ३.१८ पट होते. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सियस अंशांत २७३ मिळवून येणारा आकडा. दुपारची २७ अंशांची हवा म्हणजे ३०० केल्विन. ती दाबल्यावर ९५४ केल्विनवर, म्हणजे ६८१ अंश सेल्सियसवर जाते. पहाटेची १५ अंशांची हवा ६४३ अंशांपर्यंत पोचते. फरक पडला ३८ अंशांचा.

आता समजा, पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. दाबताना थोडी हवा निसटते आणि १८ ऐवजी जणू १४ पटच दाब दिला जातो. मग निरपेक्ष तापमान २.८७ पटच वाढते. पहाटेची तीच हवा आता जेमतेम ५५४ अंशांवर थांबते. नुकसान झाले सुमारे ९० अंशांचे! कोनच्या थंडीने जे नेले त्याच्या दुपटीहून अधिक गळतीने नेले.

प्रत्यक्षात थंडगार लोखंड आणखी पुष्कळ उष्णता शोषून घेते. त्यामुळे खरे आकडे याहून कमी असतात. पण धडा तोच राहतो. निरोगी इंजिनाजवळ उष्णतेची शिल्लक असते, त्यामुळे कोनची थंडी त्याला सहज सोसते. बिघडलेल्या इंजिनाची शिल्लक आधीच संपलेली असते. थंडी फक्त ते उघडकीस आणते.

इंजिन एकदा तापले की भोवतालचे धातू उष्णता तेवढ्या वेगाने शोषत नाहीत आणि दोष पुन्हा झाकला जातो. म्हणूनच गॅरेजमध्ये दुपारी नेलेली गाडी ‘ठणठणीत’ वाटते. तपास करायचा तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचाच केला पाहिजे.

धूर काय सांगतो?

डॉक्टर जीभ पाहतात, तसा अनुभवी मेस्त्री धूर पाहतो. सेल्फ मारताना धूर मुळीच येत नसेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, उग्र वासाचा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलचे थेंब. इंधन आले, पण उष्णता कमी पडली. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. एअर फिल्टर चोंदलेला असेल किंवा इंजेक्टर फवारा सोडण्याऐवजी थेंब गाळत असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

स्वस्तातून महागाकडे

तपासाचा क्रम महत्त्वाचा आहे. सोपी आणि बिनखर्चाची तपासणी आधी, खोलाखोली शेवटी.

पहिली पाळी बॅटरीची. सेल्फ मंद फिरला तर दाबलेल्या हवेला निवण्यास आणि निसटण्यास जास्त वेळ मिळतो. विहिरीवरचे जुने, हाताने सुरू करायचे डिझेल इंजिन आठवा. पुण्याच्या किर्लोस्करांसारख्या कारखान्यांनी अशी इंजिने गावोगाव पोचवली. शेतकरी आधी खटका उघडून सिलिंडरचा दाब मोकळा करतो, हँडलने जड चाकाला चांगला वेग देतो आणि मगच खटका पाडतो. वेगाचे महत्त्व त्याला पुस्तकावाचून कळलेले असते! गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सेल्फ मारताना साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर गंज चढला आहे. कोकणातील दमट हवेत हा गंज लवकर चढतो.

दुसरी पाळी इंधनाची. रबरी नळी किंवा वॉशर सैल असेल तर रात्रभरात तेथून हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते. ‘गाडी एअर घेते’ ती हीच. फिल्टरवर हातपंप असल्यास पहाटे तो दाबून पाहावा. त्यानंतर गाडी चटकन सुरू झाली तर चोर सापडला. फिल्टरमध्ये साचलेले पाणीही काढावे, कारण अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेतील बाष्प थिजून पाणी होते. कडक थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर बंद होतो हे खरे. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल काढले ते त्यासाठीच. कोनला मात्र मेणावर आळ घेण्याचे कारण नाही.

तिसरी पाळी हीटर प्लगची. हा विजेने लाल होणारा छोटा दांडा सुरुवातीची उष्णता पुरवतो. तो सर्वच इंजिनांत नसतो. असल्यास प्रत्येक प्लगचा रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तार तुटलेल्या प्लगमधून प्रवाह जातच नाही. चारपैकी एक प्लग मेला की एक सिलिंडर पेटत नाही आणि उरलेले तिघे ओढताना गाडी थरथरते.

पेटत नसलेला सिलिंडर ओळखण्याची जुन्या मेस्त्रींची एक युक्ती आहे. इंजिन सुरू झाल्याबरोबर ते एक्झॉस्टच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचा थेंब टाकतात. जेथे तो चर्र करत नाही, तो सिलिंडर आजारी!

एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तरच दाबमापक लावून सिलिंडरमधील दाब पाहायचा आणि इंजेक्टर, पंप उघडायचे. पुष्कळदा नेमके उलटे होते. पंपावर हजारो रुपये खर्च होतात आणि दोष काहीशे रुपयांच्या प्लगमध्ये किंवा त्याहून स्वस्त वॉशरमध्ये निघतो. रोजच्या फेरीवर घर चालवणाऱ्याला ही चूक फार महाग पडते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये, त्याचा आत स्फोट होऊ शकतो. तसेच कॉमन रेल पद्धतीच्या आधुनिक इंजिनात इंधनाचा दाब वातावरणाच्या हजार-दीड हजार पटींहूनही अधिक असतो. त्याची नळी चालू इंजिनात सैल करणे किंवा गळती बोटाने चाचपणे म्हणजे कातडी फोडून डिझेल शरीरात शिरू देणे होय. हे काम तुम्ही करायचे नाही. ते जाणकार मेस्त्रीचे.

करून पाहा

सायकल पंपाच्या तोंडावर बोट दाबून दहा वेळा भराभर दट्ट्या मारा आणि पंपाचे टोक चाचपा. पंप निवल्यावर तेच दहा वेळा अगदी सावकाश करा. शेवटी बोट किंचित सैल ठेवून, हवा निसटू देत करा. तिन्ही वेळच्या उबेची तुलना वहीत लिहा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सर्व तेच ठेवा. मंद सेल्फ आणि झिजलेल्या रिंगा गाडीला पहाटे का रडवतात, ते तुमच्या बोटांनाच कळेल. एका वेळी एकच बदल करून फरक पाहणे, ही शिस्त प्रयोगशाळेत लागते तशीच गॅरेजमध्येही लागते.