तंबूच्या दारात कोणती माळ लावू?

मे महिन्याची सुट्टी संपत आली, की घराघरांत एक बेत शिजायला लागतो. ‘शाळा सुरू व्हायच्या आत एक रात्र तंबूत काढू या!’ मग पवना धरणाच्या काठावर, भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला रांगेनं तंबू उभे राहतात. काही हौशी मंडळी तर चाकांवरचं घरच घेऊन निघतात. त्याला म्हणतात कॅरव्हॅन. आत झोपायची सोय असते, आणि मुक्कामाला पोचलं की दारावर एक कापडी छप्पर बाहेर ओढून घ्यायचं. झाली ओसरी तयार! महाराष्ट्र शासनानं २०२१ साली अशा पर्यटनासाठी वेगळं धोरणसुद्धा ठरवलं.

आता तंबू असो की कॅरव्हॅनची ओसरी, तिथं दिव्यांची माळ हवीच, असा तुमचा हट्ट असणार. असू द्या की! चिमुकल्या दिव्यांच्या उजेडात बसून गरम पिठलं-भाकरी खायची मजा काही औरच. पण दुकानात गेलात तर माळांचे प्रकार तरी किती! लुकलुकणारी, रंगीत, पांढरी, पिवळी, तांब्याच्या तारेची, उन्हावर चालणारी. दुकानदार विचारतो, ‘कुठली देऊ?’ आणि आपलं बोट जातं सगळ्यांत जास्त झगमगणाऱ्या माळेकडे.

थांबा! दिवाळीला गॅलरीत लावायची माळ वेगळी आणि रानातल्या तंबूवर लावायची माळ वेगळी. गॅलरीत आपण आपल्या घरी असतो, रानात मात्र आपण पाहुणे असतो. तिथल्या अंधारात आपल्या आधीपासून कितीतरी जण राहत असतात. म्हणून माळ घेताना आधी चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : वीज कुठून येणार?

विजेच्या दिव्यांची पहिली नावाजलेली माळ १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये लागली. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या ख्रिसमसच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले होते. पुढे अशा माळा जगभर गेल्या. आपल्याकडच्या जुन्या माळांमध्ये काचेचे बारीक बल्ब एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडलेले असत. गणित सोपं आहे. घरातली वीज २३० व्होल्टची. एक बल्ब ६ व्होल्टचा धरला, तर ३८-४० बल्ब मिळून ती वाटून घेणार. त्यातला एक जरी गेला तरी सगळी माळ गप्प!

बल्ब इवलासा दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं की माळ निरुपद्रवी आहे. पण ती २३० व्होल्टलाच जोडलेली असते, बरं का! घरातल्या कोरड्या फरशीवर एक वेळ ठीक. रानात मात्र गवत ओलं, पाय ओले, तंबूचं कापड दमट. अशा वेळी वायरचं कवच कुठं सोललेलं असेल, तर जिवाशी गाठ. जनरेटरपासून लांबवर ओढलेल्या वायरला हात लावायचा नाही, तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत आणि ती गवतातून जात असेल तर मोठ्या माणसांना लगेच सांगायचं.

तंबूला ५ व्होल्टवर चालणारी माळ उत्तम. मोबाइल चार्ज करायच्या पॉवर बँकेला ती जोडता येते. पण ती रात्रभर पुरेल का? चला, गणित करू. पॉवर बँकेवर लिहिलेलं असतं, १०,००० मिलिअँपिअर-तास. म्हणजे १० अँपिअर-तास. आतल्या बॅटरीचा दाब साधारण ३.७ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार ३७ वॉट-तास. व्होल्ट वाढवताना त्यातली थोडी वीज वाया जाते, म्हणून आपण २७ धरू. माळेच्या खोक्यावर ३ वॉट लिहिलेलं असेल, तर २७ भागिले ३, म्हणजे ९ तास. पण सकाळी घरी फोन करायचा असेल, तर सगळी वीज माळेवर उधळून चालेल का?

कॅरव्हॅनमध्ये बहुधा १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर १२ व्होल्टची माळ चालते. मात्र ज्या बॅटरीवर इंजिन सुरू होतं, तिच्यावर रात्रभर दिवे चालवायचे नाहीत. नाहीतर सकाळी सगळ्यांना गाडी ढकलत बसावं लागेल! उन्हावर चालणारी माळ म्हणाल, तर ती उघड्या आभाळाखाली छान. पण जूनमधल्या सह्याद्रीत ढग दाटून आले, की तिचं पोट भरणार कसं?

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तंबूत मेणबत्ती, पणती किंवा कंदील लावायचा नाही. तंबूचं कापड नायलॉनसारख्या धाग्याचं असतं. ते बघता बघता वितळतं आणि पेटतं.

दुसरा प्रश्न : पाऊस आला तर?

माळेच्या खोक्यावर ‘आयपी’ ही दोन इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढे दोन आकडे शोधा. पहिला आकडा सांगतो की धूळ आणि बारीकसारीक वस्तू आत शिरतील का. दुसरा सांगतो की पाणी शिरेल का. आकडा जितका मोठा, तितकं संरक्षण जास्त. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच बचाव नाही. ती माळ घरातच बरी. आयपी ४४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात शिरणार नाही आणि पाण्याची धार लागली तरी बिघडणार नाही. छपराखाली ४४ पुरे, उघड्यावर लावायची असेल तर ६५ बघा.

यात एक गोम आहे. पुष्कळदा माळ पावसात टिकते, पण तिची बॅटरीची डबी टिकत नाही. म्हणून दोन्हींवरचे आकडे वाचा. डबी आणि पॉवर बँक नेहमी कोरड्या जागी, छपराखालीच ठेवा.

तिसरा प्रश्न : उजेडाचा रंग कोणता?

आता खरी गंमत! दिव्याचा रंग ‘केल्व्हिन’ या एककात सांगतात. २७०० केल्व्हिन म्हणजे पिवळसर, उबदार उजेड. ६५०० केल्व्हिन म्हणजे निळसर पांढरा, थंड उजेड. आकडा मोठा आणि उजेड थंड, आहे की नाही उलटी तऱ्हा?

पांढऱ्या एलईडीत बहुतेक वेळा खरा दिवा असतो निळा! त्याच्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर असतो. निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं, की त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण बऱ्याच रातकिड्यांना आणि पतंगांना हाच निळसर उजेड जास्त खेचतो. ते दिव्याभोवती घिरट्या का घालतात? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उड्डाण टिपलं. तेव्हा दिसलं, की उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे करतात. लाखो वर्षं रात्री उजळ बाजू म्हणजे आभाळ, हाच त्यांचा हिशोब होता. आता दिवा खाली किंवा बाजूला आला, की बिचाऱ्यांना वर कुठं नि खाली कुठं ते कळेनासं होतं. ते दिव्यावर झेपावत नाहीत, तर तिथं अडकून पडतात. म्हणून २७०० केल्व्हिनची किंवा त्याहून पिवळी माळ घ्या. पिठल्यात पाखरं पडणार नाहीत आणि पाखरांचाही जीव वाचेल.

चौथा प्रश्न : बटण कुठं आहे?

‘हा काय प्रश्न झाला?’ असं म्हणाल. पण चारांत हाच सगळ्यांत महत्त्वाचा.

पावसाच्या तोंडावर, मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत सह्याद्रीत काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एकाच वेळी लुकलुकायला लागले, की झाडानं श्वास घेतल्यासारखं वाटतं. हे बघायला माणसं मुंबई-पुण्याहून येतात. पण काजवा आपल्यासाठी चमकत नाही! ते त्यांचं बोलणं आहे. नर उडता उडता प्रकाशाची खूण करतो आणि मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. उत्तर मिळालं तर जोडी जमते, अंडी घातली जातात. शेजारी आपली माळ झगमगत असेल, तर त्यांना एकमेकांची खूणच दिसत नाही. लग्नाच्या मांडवात कर्णा लावल्यावर आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं का? तसंच हे. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्यातल्या रात्री अशा वाया गेल्या, तर पुढच्या वर्षी झाडं उजळणार कशी?

इथं पिवळी माळही पुरी पडत नाही, कारण काजव्याचा स्वतःचा उजेडच पिवळसर हिरवा असतो. तिथं एकच उपाय : दिवा बंद. म्हणून माळ घेताना बघा, की बटण हाताशी आहे का, उजेड कमी करता येतो का, ठरावीक वेळेनं ती आपोआप बंद होते का. लुकलुकणारी माळ नकोच. जेवणं झाली, आवराआवर झाली, की बटण दाबा. काजवे बघायला जाताना तर टॉर्चही पायांपुढेच, खाली धरायची. झाडांवर झोत मारायचा नाही.

माळ टांगतानाही थोडी अक्कल वापरू या. ती झाडावर गुंडाळू नका. ओसरीच्या कडेला आतल्या बाजूनं, खाली उजेड पडेल अशी लावा. तिचा एक तुकडा तंबूच्या तणाव्यांवरून खाली सोडलात, तर अंधारात दोरीला अडखळून कुणी पडणार नाही. शोभाही झाली आणि कामही झालं.

माळ विझवल्यावर गप्प बसा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग आभाळ स्वच्छ असेल, तर तारे नुसते मोजत राहावेत असे दिसतात. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान मिळाला. त्यासाठी आसपासच्या गावांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले. अख्खी गावं इतकं करतात, तर आपल्याला एक बटण दाबणं जड आहे का?

करून पाहा

घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या. पावसाळ्यात एका रात्री अंगणात किंवा गच्चीवर पांढरी चादर टांगा. तिच्यासमोर पंधरा मिनिटं पांढऱ्या उजेडाची टॉर्च लावा आणि चादरीवर किती किडे बसले ते मोजा. मग टॉर्च बंद करून थोडा वेळ थांबा. तिच्या तोंडावर पिवळा जिलेटिन कागद रबराने बसवा आणि पुन्हा पंधरा मिनिटं मोजा. किड्यांना हात लावू नका. दोन-तीन रात्री असं करा. एका रात्री आधी पांढरा, तर दुसऱ्या रात्री आधी पिवळा उजेड घ्या. रोजचे आकडे, तारीख आणि आभाळ कसं होतं ते वहीत लिहा. मग दुकानात माळ घ्यायला जाताना ती वही बरोबर न्या.