उन्हाळ्यात मोटारीच्या टायरची हवा कमी करू नका
– ऊस विकास अधिकारी



गळीत हंगाम आटोपला की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते, आणि कामातून सवड मिळाली म्हणून शिर्डीचे दर्शनही याच दिवसांत ठरते. हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे २०१३ साली नागपूर महापालिकेत आली. त्या बाजूच्या पुष्कळ घरांपुढे आता ट्रॅक्टरच्या शेजारी मोटारही उभी दिसते. बाह्य वळण रस्त्याने शिवमडक्याला गेले की समृद्धी महामार्ग लागतो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि ५ जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे.

रस्ता चांगला, पण दिवस कोणते? एप्रिल-मे! नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांचा पारा पाहिला आहे. तापलेला रस्ता, पाच माणसे, डिकीत सामान आणि एवढा वेग. हा सारा भार चार टायर पेलतात. रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेला एकेका टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो.

अशा वेळी हमखास एक सल्ला कानावर येतो, "उन्हाचे दिवस हायेत भाऊ, हवा थोडी कमीच ठेवा, नाही तं फुटन." हा सल्ला चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

हा समज येतो कुठून? एक तर आपल्या ट्रॅक्टरवरून. काळ्या जमिनीत काम करताना मागच्या टायरची हवा कमी ठेवली की पकड चांगली मिळते आणि जमीन कमी दबते. शेतात ते बरोबरच आहे. पण तिथे ट्रॅक्टर चालतो बैलाच्या चालीने. तोच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून डांबरी रस्त्याला लागला की हवा वाढवावी लागते. मोटारीची तर गोष्टच निराळी.

तार तोडायला पक्कड नसेल तर आपण काय करतो? तार इकडून तिकडे वाकवतो. दहा-वीस वेळा वाकवली की ती हाताला गरम लागते आणि मग तुटते. हवा कमी असलेल्या टायरचे असेच होते. त्याची कड प्रत्येक फेऱ्याला दबते आणि परत उठते. ताशी १२० च्या वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे अठरा फेरे घेते. या दबण्या-उठण्यातून आतल्या आत उष्णता साठते, रबर आणि आतले धागे सुटू लागतात, आणि टायर फुटतो. म्हणजे उन्हाने जेवढे बिघडत नाही, तेवढे कमी हवेने बिघडते.

"पण उन्हात हवा फुगते, त्याचे काय?" फुगते, हे खरे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब एक पौंडाने वाढतो. सकाळी ३३ पौंड भरलेली हवा दुपारी, गाडी पळाल्यावर, ३८-३९ दाखवील. टायर बनवणाऱ्याने ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणून गरम टायरची हवा कधीही सोडू नये. सोडली, तर गार झाल्यावर ती कमी भरेल आणि पुढचा प्रवास कमी हवेवर होईल.

आता करायचे काय ते पाहू.

१. ड्रायव्हरचे दार उघडा. तिथल्या खांबावर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर हवेचे आकडे असतात, बहुधा दोन: कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. कुटुंब घेऊन निघताना दुसरा पाळा. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा आकडा नव्हे.

२. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. हंगामात गाडी महिनाभर उभी असली तरी हवा थोडी उतरतेच. स्टेपनीही तपासा.

३. नत्र भरले म्हणजे काळजी मिटली असे नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नत्रच असते. उसाला नत्र देऊन पाणी तोडले तर काय उपयोग? तसेच हे. दाब तपासावाच लागतो.

४. पान पाहून आपण उसाची तक्रार ओळखतो, तसा टायर वाचायला शिका. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडले. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचा.

५. टायरचे वय बघा. कडेवर चार आकडे सापडतील. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांचा टायर नवा दिसला तरी वापरू नका.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा, वेग उतरला की डाव्या कडेला घ्या. माणसांना कठड्यापलीकडे उभे करा आणि ११२ ला फोन लावा. रुग्णवाहिका हवी असेल तर १०८.

शेवटी चालकाविषयी. ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे १०० फुटांहून जास्त जाते. साडेचार फुटी लागणीच्या चोवीस सऱ्या एका सेकंदात मागे पडतात. एवढ्या वेगात एक डुलकीही फार होते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बसला अपघात होऊन २५ जण दगावले. टायर फुटल्याचे आधी सांगितले गेले, पण परिवहन खात्याच्या तपासणीत ते टिकले नाही. टायरवर खापर फोडणे सोपे असते. दर दोन तासांनी थांबा, तोंडावर पाणी मारा, चहा घ्या. झोप आवरत नसेल तर सुरक्षित जागी गाडी उभी करून खुशाल झोपा. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा बांधावा, लहान मुलांना मांडीवर घेऊन पुढे बसू नये.

उसाचे बिल हाती आले की खर्चाच्या वाटा पुष्कळ फुटतात. त्यातून दाब मोजायचे एक साधे मीटर आधी घ्या आणि मोटारीतच ठेवा. निघायच्या दिवशी सकाळी चार टायर आणि स्टेपनी तपासायला दहा मिनिटे पुरतात.