खाशाबा जाधव: पदकाचा खर्च कुणी उचलला?

मंडळी, भिवंडीच्या या पट्ट्यात कबड्डीचं वेड किती आहे, हे पूर्णा गावात येऊन मी सांगायला नको. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळाडूंवर लाखांच्या बोली लागू लागल्या. पण सत्तर वर्षांपूर्वी खेळाडूचा खर्च कोण उचलायचं? त्यासाठी खाशाबा जाधवांची कारकीर्द बघू.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तांबडी माती लहानपणीच अंगाला लागली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. तिथे सहावे आले. आता सहावा क्रमांक म्हणजे काही विशेष नाही, असं वाटेल. पण बघा, आपली कुस्ती मातीतली. तिथे प्रतिस्पर्ध्याची पाठ लागली की निकाल. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवरची. वेळ बांधलेली, आणि चीतपट नाही झाली तर पंचांचा कौल. म्हणजे ताकद तीच, पण हिशेब वेगळा. तो त्यांनी लंडनला शिकून घेतला.

पुढची लढाई पैशांची. १९५२ ला हेलसिंकीला जायचं, तर वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. हरले ते दोघांकडून: जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव. त्या दोघांनाच सुवर्ण आणि रौप्य मिळालं. खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली, १९९६ ला लिअँडर पेसचं.

मग पदकानं पोट भरलं का? नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. त्यालाही पंधराहून अधिक वर्षं लागली.

म्हणून पदकांची यादी वाचताना खेळाडूच्या नावाशेजारी घर गहाण टाकणाऱ्याचंही नाव आठवा. आज बोली लागते ती मोजक्यांवर. गावातल्या मैदानावरच्या पोराचा प्रवासखर्च अजूनही कुणीतरी खिशातूनच देतं.

आता प्रश्न असतील तर विचारा.