लळिताचा प्रेक्षक कोण?

कीर्तनाचीं व उत्सवांचीं जुनीं बाडें चाळणाऱ्यांस एक प्रकार परिचयाचा असेल. अभंग, आरत्या चालू असतां मध्येंच वासुदेव, दंडीगान, गोंधळी, आंधळा, बहिरा, मुका अशा नांवांखालीं सुटीं पदें लागतात. एका पदाचा दुसऱ्याशीं संबंध दिसत नाहीं. कथा नाहीं, संवाद नाहीं. शेवटीं देवाजवळ कांहीं मागितलेलें असतें, एवढेंच. अशा पानांवर ‘स्फुट’ किंवा ‘खंडित’ असा शेरा मारून तीं बाजूस ठेवलीं जातात. प्रस्तुत लेखकाच्या मतें हा शेरा पुष्कळदां अन्यायाचा असतो. तीं पानें लळिताचीं असूं शकतात, आणि लळितांत पाहणारा कोण व करणारा कोण, हें ध्यानीं घेतल्यावांचून त्यांचा अर्थ लागत नाहीं.

लळित उत्सवाच्या अखेरच्या रात्रीं, कीर्तनाला जोडून होतें. देव दरबार भरवून सिंहासनावर बसले आहेत अशी भावना असते. भालदार-चोपदार ललकारी देतात. मग एकामागून एक सोंगें येतात, पद म्हणतात, थोडी थट्टामस्करी करतात आणि मागणें मागून, प्रसाद घेऊन निघून जातात. यांतील बरींच पदें एकनाथांच्या भारुडांतून आलेलीं. सरतेशेवटीं हरिदास सर्वांच्या वतीनें मागणें मागतो. आतां सोंग घेणारा कोण? गांवांतलाच एखादा. मघां तो श्रोत्यांत बसून टाळ्या देत होता. सोंग उतरल्यावर पुन्हा तेथेंच येऊन बसतो. प्रसाद त्यासही मिळतो आणि बसून राहिलेल्यांसही. म्हणजे येथें खरा प्रेक्षक एकच, आणि तो सिंहासनावर आहे. बाकीचे सारे याचक. कांहींनीं सोंग घेतलें, कांहींनीं घेतलें नाहीं, इतकाच भेद.

संस्कृत नाट्याची दृष्टि याहून निराळी. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायांतील कथा विद्वानांस विदित आहेच. इंद्रध्वजाच्या उत्सवांत पहिला प्रयोग झाला. त्यांत दैत्यांचा पराभव दाखविला होता. पाहावयास आलेले दैत्य चिडले, आणि त्यांच्या साह्यास आलेल्या विघ्नांनीं नटांची वाणी, चेष्टा व स्मृति थिजवून टाकली. इंद्रानें जर्जरानें त्यांस झोडपलें, आणि पुढें विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविण्यांत आलें. प्रेक्षकांनीं प्रयोगांत हात घातला म्हणून रंगास भिंती आल्या, असा त्या कथेचा एक अर्थ होतो. अभिनवगुप्तानेंही प्रेक्षकानें स्वतःच्या सुखदुःखांत गुंतून राहणें हें रसास विघ्न मानिलें आहे. लळितांत तर प्रत्येकाचें स्वतःचें मागणें हाच मुख्य विषय! तेव्हां रससूत्राची मोजपट्टी लावून लळितास ‘ग्राम्य’ म्हणणाऱ्या पंडितांनीं, ज्या वस्तूसाठीं ती मोजपट्टी केलेलीच नाहीं तिच्यावर ती चालविली, असें म्हणणें प्राप्त आहे.

ही रीत केवळ देवळापुरती नाहीं. आमच्या कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड) दक्षिण किनाऱ्यावर, श्रीवर्धनाकडे, शिमग्यांत खेळे घरोघर जातात. काळा पेहराव, उंच निमुळती टोपी व पांढरी दाढी असा संकासूर अंगणांत शिरला कीं पोरें ओरडत पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागें लागतात. तीं पोरें पळालीं नाहींत तर संकासुराचें सोंग वायां गेलें! घरच्यांचें अंगण हाच रंग, आणि पोस्त घालणारा यजमान हें त्यांतील एक पात्रच. गौरी-गणपतीच्या दिवसांतील जाखडीचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. शक्तिवाले व तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर असतात. एक सवाल घालतो तेव्हां दुसरा कान देऊन ऐकतो. क्षणांत ऐकणारा गाणारा होतो आणि गाणारा ऐकणारा. भोंवतालच्या मंडळींस पुराणें माहीत असतात, त्यामुळें जबाब चुकला कीं नाहीं हेंही तीं ठरवितात. पाश्चात्य देशांत न्यूयॉर्क येथें १९५९ सालीं अ‍ॅलन कॅप्रो यांनीं, व पुढें ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनीं प्रेक्षकास प्रयोगांत ओढण्याचे जे उपक्रम केले, ते तिकडे नवे म्हणून गाजले. तेथें आधीं भिंत होती, म्हणून ती पाडावी लागली.

आतां बाडांकडे वळूं. अशा प्रयोगांचें लेखन अपुरें असणें स्वाभाविक आहे. पद तेवढें लिहावयाचें, बोलणें त्या त्या वेळीं सुचेल तें. १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकांतही हीच पद्धति होती. सूत्रधार पदें म्हणे व पात्रें आयत्या वेळीं भाषण करीत. म्हणूनच १८८५ च्या त्यांच्या ‘नाट्यकवितासंग्रहा’वरून सबंध प्रयोग डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. शक्ति-तुऱ्याच्या चोपडीचेंही तेंच. तींत एका पक्षाचे सवाल असावयाचे, प्रतिपक्षाचे जबाब तींत कोठून यावेत?

यावरून संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. बाडांतील भारुडें वेंचून कवीच्या गाथ्यांत घालावयाचीं आणि उरलेलीं पानें तशींच सोडावयाचीं, ही पद्धति सोडावी. तसें केल्यानें गाथेंत चार पदांची भर पडते खरी, पण सोंगांचा क्रम कायमचा नष्ट होतो. आणि रिकाम्या जागेपुढें कोणाचें बोलणें येत होतें हें कळण्याचें तें एकच साधन असतें. पानें विस्कळित दिसलीं तरी आहेत त्या क्रमानें उतरून घ्यावींत. समासांतील नांवें, ‘येथें प्रसाद’ अशा प्रकारच्या खुणा, शाईचा पालट, हेंही सोडूं नये. कोकणांत व गोमंतकांत लळिताच्या कीर्तनाची चाल अद्यापि सर्वस्वीं मोडलेली नाहीं. जेथें ती असेल तेथें बाडाची नक्कल बरोबर घेऊन रात्रभर बसावें, आणि कोणत्या पदानंतर श्रोत्यांतून कोण काय बोलला तें समासांत टिपून घ्यावें. प्रसाद वाटला जाईल तेव्हां टिपणारानेंही हात पुढें करावा. तेथें निराळें बसण्यास जागा नाहीं.